पोळ्या लाटणाऱ्या चाळीस, तवा एक

(वैद्यकीय महाविद्यालयातील निवासी डॉक्टर आणि संशोधकांसमोर दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून.)

नमस्कार. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी क्लस्टर सांभाळतो, म्हणजे लोक ज्याला महासंगणक म्हणतात ते यंत्र. रात्री दोन वाजता तुमचा जॉब, म्हणजे यंत्राला दिलेलं काम, बंद पडला की सकाळी ज्याच्या नावाने खडे फोडले जातात, तो मी.

‘महासंगणक’ हा शब्द मला फारसा आवडत नाही. तो ऐकला की माणसाला वाटतं, आपल्या लॅपटॉपचा कुणी आडदांड थोरला भाऊ असेल, फाइल टाकली की चुटकीसरशी उत्तर. मागे पॅथॉलॉजीच्या एक मॅडम तावातावाने आल्या. त्यांची ‘आर’ या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट लॅपटॉपवर सहा तास घ्यायची, आमच्याकडे आठ लागले. “तुमचं मशीन बिघडलंय,” म्हणाल्या. मशीन बिघडलं नव्हतं. आत रॅकमध्ये असतात शेकडो साधे सर्व्हर, ज्यांना आम्ही नोड म्हणतो. ते वेगवान जाळ्याने जोडलेले असतात आणि त्यांची साठवण सामायिक असते. यातला एकेक कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला गणितं करणारा एकेक भाग, कित्येकदा तुमच्या नव्या लॅपटॉपपेक्षा हळूच चालतो. मॅडमची स्क्रिप्ट एका कोअरवर चालली होती आणि त्या नोडचे बाकीचे ४७ कोअर माशा मारत बसले होते.

लग्नघरचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. पोळ्या लाटायला चाळीस बायका बसल्यात आणि तवा एकच. एकेचाळिसावी बसवून काय उपयोग? संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हेच गणितात मांडलं. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एकच करावा लागत असेल, तरी कोअर हजार लावा नाहीतर लाख, दहापटीपलीकडे वेग जात नाही. म्हणून माझ्याकडे आलात की मी पहिलं विचारतो, तुमचा तवा कुठला?

सुदैवाने तुमची बरीच कामं मुळातच सुटी सुटी असतात. समजा, शंभर पेशंटचे पूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, आहेत. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं, त्यातली प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचलेली. एका पेशंटचं काम चांगल्या डेस्कटॉपवर साधारण एक दिवस घेतं असं धरू. शंभर पेशंट, शंभर दिवस. पण पहिल्या पेशंटचे वाचलेले तुकडे संदर्भ जीनोमवर जुळवताना दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही. शंभरही जॉब एकदम सोडा. जागा मिळाली, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला निकाल हातात.

जागा मिळाली तर. इथे रांग येते. आमच्याकडे ती स्लर्म नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो आणि तो पंगतीतल्या वाढप्यासारखा वागतो. वीस जणांच्या कुटुंबाला शेजारी शेजारीच बसायचं असेल, तर वीस पानं मोकळी होईपर्यंत त्यांनी थांबायचं. तोवर मध्ये एखादं पान रिकामं दिसलं आणि एकटा माणूस म्हणाला, “मी पाच मिनिटांत उठतो”, तर त्याला बसवून घेतात. तुमचे निवासी डॉक्टर काय करतात? वीस मिनिटांच्या कामाला तीन दिवस मागतात, ‘असू दे जास्त’ म्हणून. मग तीन दिवसांची फट सापडेपर्यंत जॉब रांगेत, आणि फोन मला. उलटही करू नका. वेळ कमी मागितलीत तर ती संपताक्षणी काम जिथे असेल तिथे बंद पडतं. आधी एकच पेशंट चालवा, किती वेळ आणि किती मेमरी लागली ते बघा, मग त्याच्या दीडपट मागा.

आणि लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे ज्यातून आत शिरतात त्या सर्व्हरवर, काम चालवू नका हो. तो वाड्याचा उंबरठा आहे. तिथे चूल मांडली की सगळ्यांचंच येणं-जाणं बंद.

खरं दुखणं मात्र प्रोसेसरचं नाही, डेटाचं आहे. तीसपट वाचलेल्या एका जीनोमची कच्ची फाइल दाबून भरली तरी साठ ते शंभर जीबी होते. ऐंशी धरा. शंभर पेशंटचे आठ टीबी. शंभर एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायला साडेसात दिवस, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. म्हणून अजूनही लोक हार्ड डिस्क पिशवीत घालून एसटीने येतात, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. जुळवणी करताना मधल्या फाइली तयार होतात, म्हणजे कच्च्या डेटाच्या दुपटी-तिपटीची जागा आधीच धरून ठेवा.

त्या मधल्या फाइली स्क्रॅचमध्ये ठेवायच्या. स्क्रॅच म्हणजे वेगवान पण तात्पुरती जागा. बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवसांनी ती आपोआप साफ होते आणि तिचा बॅकअप नसतो. हे मी शिकवणीतून शिकलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संशोधक मुलीचे अंतिम निकाल मीच स्क्रॅचमध्ये ठेवायला सांगितले होते, ‘आठवड्याभरात हलवू’ म्हणून. दिवाळीची सुट्टी लागली. परत आलो तेव्हा फोल्डर रिकामा. ती मला एक शब्द बोलली नाही, पुन्हा सगळं चालवायला बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असलेली गोष्ट, पेशंटची ओळख. फाइलचं नाव बदलून ‘पेशंट ०१’ केलं म्हणजे झालं, असं समजू नका. डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या चित्रांच्या फाइलच्या हेडरमध्ये, चित्रासोबतच्या माहितीच्या भागात, नाव, जन्मतारीख, हॉस्पिटलचा नंबर तसाच बसलेला असतो. सोनोग्राफीत तर नाव कित्येकदा चित्रावरच छापलेलं असतं, हेडर पुसून ते जात नाही. डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून चेहऱ्याचा भाग काढून टाकणारी साधनं वापरावी लागतात. हे सगळं डेटा तुमच्या दारातून बाहेर पडण्याआधी करायचं. आमच्याकडे आल्यावर नाही.

पुण्यात बसून यंत्र मिळत नाही, ही तक्रार मला पटत नाही. सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था १९८८ मध्ये इथेच सुरू झाली, तिचा ‘परम ८०००’ महासंगणक १९९१ मध्ये इथेच उभा राहिला. आज आयसर या विज्ञान संस्थेत ‘परम ब्रह्म’ आहे. सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ वा होता. यंत्रं आहेत. तुमचा प्रश्न जैविक भाषेतून जॉबच्या भाषेत आणणारी माणसं कमी आहेत, आणि त्यांची पदं भरायची वेळ आली की मंडळी म्हणतात, त्या पैशात आणखी दोन नोड घेऊ.

मागून कुणी विचारलं, जीपीयू, म्हणजे एकसारखी हजारो गणितं एकदम करणारी चिप, मागायचा का? तुमचा प्रोग्रॅम जीपीयूसाठी लिहिलेला आहे का, ते आधी बघा. मध्यंतरी एका जॉबने चार जीपीयू दोन दिवस अडवून ठेवले. मी वापर तपासला, चारही शून्य टक्के. प्रोग्रॅम बिचारा प्रोसेसरवरच रखडत होता. तुमचं काम सीटीवर आहे म्हणता? न्यूरल नेटवर्क? मग जीपीयू लागेल. खाली चहा आहे, लॅपटॉप घेऊन या, एका पेशंटचा स्कॅन चालवून बघू. हेडर पुसलेला आणा.