मुखपृष्ठावरची ती आणि तिच्यामागचे हात

(पडद्यावर: ब्रिटिश 'व्होग', मार्च १९६६)

'व्होग' या फॅशन मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीचं हे मुखपृष्ठ जरा निरखून पाहा. फोटो डेव्हिड बेली यांचा. मॉडेलने हात चेहऱ्यासमोर धरलाय आणि फाकलेल्या दोन बोटांमधून एकच डोळा आपल्यावर रोखलाय. नाक आणि ओठ हाताआड. ही डॉनयेल लूना, डेट्रॉइटची मुलगी. ब्रिटिश 'व्होग'च्या मुखपृष्ठावर आलेली पहिली कृष्णवर्णीय मॉडेल. तिचं नाक आणि ओठ झाकले गेले हा योगायोग नव्हता, असं अनेक जण मानतात. मलाही तसंच वाटतं.

कारण त्याआधीची गोष्ट ठाऊक आहे. जानेवारी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकाने तिला मुखपृष्ठावर घेतलं, पण फोटो छापला नाही. रेखाचित्र छापलं, आणि तेही असं की ही बाई कुठल्या वंशाची ते पाहणाऱ्याला सांगता येऊ नये. पुढे त्याच वर्षी रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी काढलेले तिचे फोटो आतल्या पानांवर आले, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या. वर्गणीदारांनी अंक बंद केले.

म्हणून या चित्रफितीत 'पहिली कोण' एवढ्यावर आम्ही थांबणार नाही. मुखपृष्ठावर कोण आलं हे सगळ्यांनाच दिसतं. तिच्यावर प्रकाश कोणी टाकला, तिचे केस कोणी विंचरले, फोटो काढून झाल्यावर त्यातलं काय कोणी पुसलं, हे दिसत नाही. खरा प्रश्न तिथे आहे.

(पडद्यावर: नाओमी सिम्स, 'लेडीज होम जर्नल', नोव्हेंबर १९६८)

नाओमी सिम्सना न्यूयॉर्कमधल्या मॉडेल एजन्सींनी दारातूनच परत पाठवलं. मग त्या थेट छायाचित्रकाराकडे गेल्या. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या १९६७ च्या फॅशन पुरवणीचं मुखपृष्ठ मिळवलं आणि तो अंक शंभर जाहिरात संस्थांना पाठवून दिला. सोबत फोन नंबर जोडला तो एका एजन्सीचा. कोणी बोलावलंच तर दलाली तुमची, असं त्यांनी त्या एजन्सीला सांगून ठेवलं होतं. बोलावणी आली, आणि भरपूर आली. वर्षभरात त्या आठवड्याला हजार डॉलर कमवू लागल्या.

पण मला त्यांची त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. १९७३ मध्ये मॉडेलिंग सोडून त्यांनी विग बनवायला घेतले. बाजारात मिळणारे विग गोऱ्या बायकांच्या केसांसारखे. सिम्सनी घरच्या ओव्हनमध्ये कृत्रिम धागे भाजून पाहिले. कृष्णवर्णीय बायका सरळ करून घेतात त्या केसांसारखा पोत मिळेपर्यंत प्रयोग चालू ठेवले आणि त्यावर अख्खा व्यवसाय उभा केला.

अमेरिकन 'व्होग' सुरू झालं १८९२ मध्ये. त्याच्या मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय स्त्री, बेव्हर्ली जॉन्सन, आली ऑगस्ट १९७४ मध्ये. मधे ८२ वर्षं गेली.

(पडद्यावर: फोटो लॅबमधलं जुनं नमुना कार्ड)

हे 'शर्ली कार्ड'. कोडॅक कंपनी रंगीत फोटो धुणाऱ्या लॅबना हे कार्ड द्यायची. त्यावरच्या बाईची त्वचा नीट उतरली की रंग बरोबर जमले, असं समजायचं. ही बाई कित्येक वर्षं गोरीच असायची. त्यामुळे एकाच फोटोत गोरा आणि काळा चेहरा शेजारी आला, की गोरा स्वच्छ दिसायचा आणि काळ्या चेहऱ्याचे नुसते डोळे आणि दात. फिल्ममध्ये पुढे सुधारणा झाली, पण तिला जोर मिळाला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. त्यांच्या मालातल्या तपकिरी छटा फोटोत वेगळ्या दिसत नव्हत्या! माणसांचे चेहरे तोवर वर्षानुवर्षं तसेच छापले जात होते.

मेकअपच्या खुर्चीतही तेच. सोमालियाची मॉडेल इमान १९७५ मध्ये न्यूयॉर्कला आली. वडील राजनैतिक अधिकारी, ती स्वतः नैरोबी विद्यापीठात शिकणारी. तिला तिकडे नेणाऱ्या छायाचित्रकाराने मात्र वर्तमानपत्रांना सांगितलं, की ही मला रानात सापडली. आणि ते छापून आलं! पहिल्याच कामाच्या दिवशी मेकअप करणाऱ्याने तिला विचारलं, तुझं फाउंडेशन तू आणलंस का? त्याच्याकडे तिच्या रंगाचं काही नव्हतं. जे होतं ते मिसळून त्याने लावलं, आणि आरशात इमानला स्वतःचा चेहरा राखाडी दिसला. १९९४ मध्ये तिने स्वतःची सौंदर्यप्रसाधनं बाजारात आणली.

तिच्या आधी हे युनिस जॉन्सन यांनी केलं होतं. 'एबनी' या कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकाचा फॅशन शो घेऊन त्या गावोगाव फिरायच्या. आपल्या मॉडेल दोन-तीन बाटल्या एकत्र करून चेहऱ्याचा रंग जुळवताहेत, हे त्यांनी पाहिलं. मोठ्या कंपन्यांनी असा माल काढायला नकार दिला, तेव्हा १९७३ मध्ये त्यांनी 'फॅशन फेअर' नावाने तो स्वतः काढला.

जुलै २००८ मध्ये 'व्होग इटालिया'ने कृष्णवर्णीय मॉडेलना वाहिलेला अंक काढला. तो इतका खपला की पुन्हा छापावा लागला. पुढच्याच वर्षी फ्रेंच 'व्होग'ने एका गोऱ्या मॉडेलला काळा रंग फासून तिचे फोटो छापले.

(पडद्यावर: दोन मुखपृष्ठं शेजारी शेजारी, २०१७)

ऑक्टोबर २०१७. लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड' मासिकाच्या मुखपृष्ठावर गायिका सोलांज नोल्स. डोक्यावर मुकुटासारखी गोल गुंफलेली वेणी होती, ती छापताना पुसून टाकली. आतल्या मुलाखतीत सोलांज वेणी घालण्याच्या परंपरेबद्दलच बोलली होती. ह्यूस्टनमध्ये तिच्या आईचं सलून होतं, त्यात ती वाढली. पुढच्याच महिन्यात ब्रिटनच्या 'ग्राझिया' मासिकावर अभिनेत्री लुपिटा न्योंगो. मागे बांधलेले तिचे दाट कुरळे केस गायब, उरलेले गुळगुळीत केलेले. लुपिटाने मूळ फोटो आणि छापलेला फोटो, दोन्ही लोकांसमोर ठेवले. दोन्ही मासिकांनी माफी मागितली.

माझा राग इथे आवरत नाही. फोटोतला डाग पुसतात तशी एका बाईची वेणी पुसायची, आणि त्या हाताला ते खटकूही नये?

रंगाच्या बाबतीत हे आपल्याकडेही पोचलेलं आहे. २०१० मध्ये अमेरिकन 'एल' या फॅशन मासिकावर कृष्णवर्णीय अभिनेत्री गॅबोरी सिडिबे हिची त्वचा उजळल्याचा आरोप झाला. मासिकाने तो नाकारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'एल'च्या भारतीय आवृत्तीवर ऐश्वर्या रायचा फोटो आला, आणि तिचाही रंग उजळल्याची टीका झाली.

(पडद्यावर: अमेरिकन 'व्होग', सप्टेंबर २०१८)

बियॉन्सेचा हा फोटो टायलर मिचेलने काढला. वय २३. अमेरिकन 'व्होग'चं मुखपृष्ठ टिपणारा पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार, मासिकाच्या १२६ व्या वर्षी. दोन वर्षांनी कृष्णवर्णीय जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचे फोटो त्याच मासिकात आले, ॲनी लीबोव्हिट्झ या गोऱ्या छायाचित्रकाराने काढलेले. प्रकाशयोजनेने तिचा चेहरा निस्तेज केला, अशी ओरड झाली. इतक्या कृष्णवर्णीय छायाचित्रकारांमधला एकही बोलवावासा वाटला नाही का, असं लोकांनी विचारलं.

तरी नुसता छायाचित्रकार बदलून भागत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या अंकासाठी अमेरिकेच्या नवनिर्वाचित उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचे फोटो टायलर मिचेलनेच काढले. निळ्या सूटमधला फोटो मुखपृष्ठावर येईल अशी हॅरिस यांच्या चमूची समजूत होती. छापला गेला तो वेगळाच, पायात साधे स्नीकर्स असलेला. नाराजी इतकी झाली की निळ्या सूटचा फोटो नंतर खास आवृत्ती म्हणून काढावा लागला. फोटो कोणीही काढो, त्यातला कुठला छापायचा हे संपादकांच्या टेबलावर ठरतं.

ब्रिटिश 'व्होग'मध्ये त्या टेबलाशी २०१७ मध्ये एडवर्ड एनिनफुल बसले, तिथले पहिले कृष्णवर्णीय संपादक. त्यांची आई घानाची, शिवणकाम करणारी. त्यांच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर मॉडेल अ‍ॅडवोआ अबोआ होती. त्यांच्यानंतर मासिकाची सूत्रं चिओमा नाडी यांच्याकडे आली. ब्रिटिश 'व्होग'चं नेतृत्व करणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. एप्रिल २०२४ च्या आपल्या पहिल्या अंकासाठी त्यांनी गायिका एफकेए ट्विग्जला निवडलं. छायाचित्रकार कोण, केस कोण करणार आणि शेवटी कुठला फोटो छापायचा, हे ठरवणाऱ्या टेबलाशी त्या येऊन बसल्या.