टीव्हीचा आवाज कमी करा

नमस्कार मंडळी. सकाळच्या टीव्हीवरचे निवेदक इतकं बोलतात, इतकं बोलतात, की समोर पाहुणा बसलाय हे त्यांच्या लक्षातच राहत नाही. पदार्थ करायला कुणी आलं, तर घास तोंडात जायच्या आधीच यांचं ‘अप्रतिम!’ सुरू. आणि सकाळी सात वाजता पनीर कोण करतं हो? पोहे करा, वरून ओलं खोबरं घाला. पोह्यांवर शेव घालणाऱ्यांशी मी बोलत नाही, ते असो.

निवेदकाला थांबता आलं पाहिजे. पुन्हा सांगतो, थांबता आलं पाहिजे.

आमच्या नौपाड्यातल्या शेजारच्या काकूंनी एकदा अशाच कार्यक्रमात फोन लावला. स्टुडिओत गुडघ्यांचे डॉक्टर होते. निवेदिकेनं विचारलं, ‘काकू, कुठून बोलताय?’

‘स्वयंपाकघरातून.’

‘नाही, म्हणजे गाव कुठलं?’

‘सासरचं की माहेरचं?’

दुसरी असती तर खिदळली असती. ही म्हणाली, ‘दोन्ही सांगा. आणि टीव्हीचा आवाज जरा कमी करा हं.’ टीव्हीवरचा आवाज थोडा उशिरा येतो, फोनमधून परत स्टुडिओत शिरतो आणि घुमतो, म्हणून. काकू ओरडल्या, ‘अहो, आवाज कमी करा!’ काका दाढी करत होते. त्यांनी तोंडाला फेस तसाच ठेवून हात लांब केला आणि बंद केला तो रेडिओ. आपला रेडिओ! टीव्ही चालूच. तेवढ्यात कुकरची शिट्टी. निवेदिका म्हणाली, ‘होऊ द्या शिट्टी, आम्ही थांबतो.’

आणि खरंच थांबली हो! शिट्टी संपल्यावर काकू म्हणाल्या, ‘आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. गडकरी रंगायतन इतकं जवळ, पण नाटक बघून किती दिवस झाले.’ हे काही त्यांनी ठरवून सांगितलेलं नव्हतं. मग डॉक्टरांनी विचारलं, ‘चढताना दुखतं की उतरताना?’

‘उतरताना. चढताना हातात पिशव्या असतात, गुडघ्याकडे लक्ष कुठं जातं?’

अमेरिकेत ‘टुडे’ हा सकाळचा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. निवेदक डेव्ह गॅरोवे. पुढच्याच वर्षी त्यांच्या जोडीला एक चिंपांझी आणला, जे. फ्रेड मग्ज नावाचा, आणि प्रेक्षक वाढले. वाढणारच! तो पाहुण्याला मध्येच तोडून बोलत नसे. आपल्याकडे दूरदर्शननं सकाळचं प्रसारण १९८७ मध्ये सुरू केलं. तेव्हाची मंडळी जरा ताठ बसत, पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत.

काकूंना डॉक्टरांनी मांडीचे व्यायाम सांगितले, ते त्या करतात. काकांची तक्रार मात्र अजून आहे, की त्या दिवशी त्यांचं नाट्यगीत अर्ध्यावर राहिलं. काका, ऐकताय ना? तेच लावतोय. आता काकूंनी हाक मारली तरी टीव्हीच बंद करा.