ईजीएफआर सगळ्यांनाच असतो ओ!

नमस्कार मंडळी. मेडिकलचं शटर आत्ताच ओढलंय. मागनं राजारामपुरीतल्या गाड्या ऐकू येतील, सांभाळून घ्या.

गेल्या व्हिडिओखाली एकच धोशा: "फुफ्फुसाच्या कॅन्सरवर केमोऐवजी गोळी असते म्हणे, नाव सांगा." घ्या नावं! जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ऑसिमर्टिनिब. ईजीएफआर हा पेशीवरचा रिसेप्टर, वाढीचा निरोप आत पोचवतो. त्याला ह्या गोळ्या अडवतात. झालं.

आता घोळ कुठाय? "वडिलांना ईजीएफआर आहे का?" अहो, आहेच! तुम्हाला आहे, मला आहे. विचारायचं ते, गाठीत त्याच्या जनुकात बदल झालाय का. शेतातली मोटर आठवा. स्टार्टर चिकटला, बटण न दाबता मोटर चालूच, ऊस पाण्यात. तिथं फ्यूज काढला की भागतं. पण पाणी पंचगंगेच्या पुराचं असेल तर फ्यूज काढून काय करणार? चिकटलेला स्टार्टर म्हणजे हा बदल, फ्यूज काढणं म्हणजे गोळी; गाठ दुसऱ्याच कारणानं वाढत असेल तर गोळी काय करणार?

पटत नाही? जेफिटिनिब आणि केमोची तुलना करणारा २००९ चा आयपास अभ्यास बघा. जेफिटिनिबनं बदल असलेल्या ७१ टक्के रुग्णांची गाठ आकसली. बदल नसलेल्यांत जेमतेम १ टक्का! त्यांना केमोच बरी पडली.

अजून नाही? मग गोळी खाणाऱ्याचं तोंड बघा. मुरूम उठतात, जुलाब होतात, नखांच्या कडा सुजतात. कातडीत, आतड्यात तोच रिसेप्टर धडधाकट असतो, गोळी त्यालाही धरते.

परवा कागलकडचे एक काका शेजाऱ्याची रिकामी स्ट्रिप घेऊन आले. "त्यास्नी गुण आला, हीच द्या." चिठ्ठी नाही, तपासणी नाही. नाही म्हटलं तर मलाच ऐकवलं, "नसंल तर तसं सांगा की!"

आणि त्या कमेंटवाल्या ताई, "ईजीएफआर ९२ आलाय, गोळी सुरू करू?" ताई, तो किडनीचा आकडा! इंग्रजी अक्षरं तीच, पहिलं तेवढं छोटं.

"आमच्यात कुणी विडी ओढत नाही, तपासणी कशाला?" उलट न ओढणाऱ्यांत, बायकांत हा बदल जास्त सापडतो.

ही तपासणी बायोप्सीच्या तुकड्यावर होते, आणि तो लॅबमध्ये मेणाच्या ब्लॉकात ठेवलेला असतो. पुण्या-मुंबईला दाखवायला निघालात तर तो मागून घ्या. लोक फाईल नेतात, अंगारा नेतात, ब्लॉक विसरतात, मग पुन्हा सुई. तुकडा अपुरा असेल तर रक्तातूनही बघतात, पण रक्तात दिसला नाही म्हणजे बदल नाहीच, असं धरू नका.