इन्सुलिन दिसलं की लगेच झेड ७९.४? थांबा जरा!

नमस्कार मंडळी! झेड ७९ वर व्हिडिओ करा म्हणून इतक्या जणांनी लिहिलंय, त्यात ऐरोलीत बसून रोज अमेरिकेतल्या पेशंटचे चार्ट वाचून त्यांना आजार-उपचारांचे कोड लावणारे आहेत, ठाण्यात सीपीसीचा, म्हणजे मेडिकल कोडिंगच्या परीक्षेचा, क्लास लावलेली मुलंमुली आहेत, तर आज तेच घेऊ.

बेसिक पटकन. पेशंट एखादं औषध दीर्घकाळ घेतोय हे आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे अमेरिकेत निदानासाठी वापरतात त्या कोडांच्या यादीत, दाखवायचं तर झेड ७९. वॉरफरिनला ७९.०१, क्लोपिडोग्रेलला ७९.०२, अ‍ॅस्पिरिनला ७९.८२, शुगरच्या गोळ्यांना ७९.८४, इन्सुलिनला ७९.४. साध्या ब्रॉंकायटिसला चार दिवस अँटिबायोटिक दिलं तर झेड ७९ लागत नाही. झालं.

आता इन्सुलिन. चार्टमध्ये शब्द दिसला की लोक ७९.४ ठोकून मोकळे होतात आणि मला याचा खरंच राग येतो. टाईप २ डायबिटीसचा पेशंट अ‍ॅडमिट आहे, शुगर चढली, ती खाली आणायला तेवढ्यापुरतं इन्सुलिन दिलं, तर ७९.४ नाही. आयसीडी-१०-सीएमच्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट लिहिलंय.

आमच्या शेजारच्या काकू दम्यासाठी अ‍ॅडमिट होत्या, स्टिरॉइड चालू केल्यावर शुगर वाढली, मग जेवणाआधी बोट टोचायचं आणि आकडा बघून इन्सुलिन. घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड मीच वाचून दाखवलं, शुगरसाठी फक्त मेटफॉर्मिन, १-०-१, पहिल्यापासून घेतात तेच. अशी केस तुमच्या स्क्रीनवर आली तर ७९.८४ येईल, ७९.४ येणार नाही.

म्हणजे वॉर्डात काय टोचलं त्यावर जाऊ नका. पेशंट घरून काय घेत आला आणि घरी काय घेऊन गेला, या दोन याद्या उघडा. दोन्हीत इन्सुलिन नसेल तर विषय संपला. नोट संदिग्ध असेल तर डॉक्टरांना क्वेरी टाका, मनाने ठरवू नका.

एका ताईंनी विचारलंय, "मॅडम, एक्स्ट्रा कोड गेला तर काय बिघडतं?" ताई, बिघडतं ना! तो माणूस रेकॉर्डवर रोज इन्सुलिन घेणारा होऊन बसतो, आणि पुढच्या वेळी रेकॉर्ड बघणारा तेच खरं धरतो. टार्गेटची घाई मला माहितीये, पण याद्या बघायला कितीसा वेळ लागतो?

गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही कायमचं चालू असेल तर ७९.८४ आणि ७९.४ दोन्ही लावा, तुमच्या अभ्यासाच्या जुन्या नोट्समध्ये फक्त ७९.४ लावा असं दिसेल, ते खोडा. आणि सेमाग्लुटाईड या शुगरच्या औषधावर तर रोज कमेंट येतात. ते इंजेक्शन असलं तरी इन्सुलिन नाही! डायबिटीससाठी इंजेक्शन घेत असेल तर ७९.८५, हा कोड १ ऑक्टोबर २०२२ पासून आहे, आणि त्याचीच गोळी घेत असेल तर ७९.८४.

अडलेली केस कमेंटमध्ये टाका, फक्त पेशंटचं नाव, जन्मतारीख, चार्ट नंबर काहीही लिहू नका, स्क्रीनशॉट तर अजिबातच नको, दिसला की मी डिलीट करते.