बामणोलीच्या धक्क्यापलीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडलं की रस्ता वळणावळणानं उतरत जातो आणि बामणोलीला थेट पाण्यापाशी येऊन थांबतो. समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. पलीकडच्या काठावर कोयना अभयारण्याचं रान आणि त्या रानाच्या माथ्यावर वासोटा किल्ला. पुढं गाडी जात नाही. लाँच ठरवायची, तास-दीड तास पाण्यावरून जायचं आणि उतरलं की सगळं पायी.

या जानेवारीत मी तिसऱ्यांदा गेलो. सकाळी पाण्यावर धुकं इतकं दाट होतं, की लाँचचं नाक दिसत होतं आणि त्यापुढं काहीच नाही. लाँचवाले मामा मात्र रोजची पायवाट चालावी तसे निघाले होते. मी विचारलं, "मामा, दिशा कशी कळते?" म्हणाले, "खाली काय काय हाय ते ठावं हाय न्हवं."

खाली काय आहे? कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि डोंगररांगेच्या कडेकडेनं दक्षिणेला वाहत येते. हेळवाकपाशी ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. हेळवाकजवळ धरण बांधलं गेलं आणि साठच्या दशकात या खोऱ्यात पाणी चढलं. नदीकाठची भातखाचरं, देवळं, घरं पाण्याखाली गेली. माणसं उठून लांब लांबच्या मुलखात गेली, काही वरच्या डोंगरउतारावर सरकली. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की जुन्या खाचरांचे बांध अजून उघडे पडतात. पुढं १९८५ साली पलीकडचं रान अभयारण्य झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या निवडक जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कोयनाही आहे.

लाँच लागते ती मेट इंदवलीला. मेट म्हणजे किल्ल्याच्या घेऱ्यातली चौकी. गडाच्या पायथ्याला पहाऱ्यासाठी वसवलेली वस्ती. आज तिथं वनखात्याची चौकी आहे, म्हणजे पहारा अजून चालूच आहे. तिथं नावं लिहून घेतात, परवाना पाहतात आणि पिशव्या उघडायला लावतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, प्लॅस्टिकची प्रत्येक वस्तू मोजली जाते आणि अनामत रक्कम ठेवून घेतली जाते. परत येताना मोजणी जुळली तर पैसे परत. माझ्यापुढच्या एका गृहस्थांना हे अपमानाचं वाटलं आणि ते जरा चढ्या आवाजात बोलले. मला विचाराल तर आपल्या प्रत्येक गडाच्या पायथ्याला ही मोजणी व्हायला हवी. वासोट्याच्या वाटेवर मला एक कागद पडलेला दिसला नाही. दुसऱ्या कितीतरी गडांवर काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

चौकी सोडली की थोड्या अंतरावर ओढा आणि मारुतीरायाची मूर्ती. पाणी इथंच भरून घ्यायचं. पुढं एक वाट नागेश्वरच्या गुहेतल्या महादेवाकडे फुटते आणि दुसरी वासोट्याला चढते. चढ दोन-अडीच तासांचा आहे. पण सांगायचं आहे ते रानाबद्दल. सह्याद्रीचे बहुतेक गड आपण उन्हात तापत चढतो. इथं जवळजवळ सगळा चढ सावलीतून आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, त्यांवर चढलेल्या जाडजूड वेली आणि खाली पालापाचोळ्याचा थर. वर शेकरूनं बांधलेलं घरटं, म्हणजे फांदीच्या बेचक्यात काटक्यापानांचा मोठा गोळा. एका खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे, वाटेत गव्याचं शेण. जनावर मात्र एकही दिसलं नाही, आणि मला त्याची खंत नाही. ते आपल्याला पाहत असतात, एवढं पुरे. माथ्याजवळ झाडं खुजी होतात आणि कारवी सुरू होते. सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी. तिच्या काटक्यांनी अंग खाजवत आपण पडक्या दरवाजातून आत जातो.

वर छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा, महादेवाचं देऊळ, वाड्याचं जोतं. सगळ्यांचे पाय वळतात ते बाबूकड्याकडे. घोड्याच्या नालेच्या आकारात वळलेला तो काळा कडा कोकणात सरळ उतरतो. समोर जुना वासोटा. हवा स्वच्छ असेल तर रसाळ, सुमार, महिपत हे गड ओळखता येतात. तिथं आम्ही अर्धा तास बसलो आणि कुणी कुणाशी बोललं नाही. मोबाईलला रेंज नव्हती. कड्याच्या पोटातून कस्तुर पक्ष्याची शीळ ऐकू येत होती.

शिवाजी महाराजांनी या गडाला व्याघ्रगड असं नाव दिलं. राजापूरच्या वखारीतले इंग्रज १६६१ मध्ये पकडले गेले, तेव्हा त्यांतले काही या गडावर कैदेत होते. पुढं पेशवाईच्या उत्तरार्धात पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीनं हा गड पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांविरुद्ध महिनोन्महिने झुंजवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतला, तेव्हा पेशव्यांनी कोंडून ठेवलेले इंग्रजांचेच दोन अधिकारी इथं सापडले. कैदी ठेवायला हीच जागा का, हे चढून आल्यावर कळतं. इथून पळून जाणार कुठं? पूर्वेला रान, पश्चिमेला कडा. ज्या आडवळणामुळे गडाचा तुरुंग झाला, त्याच आडवळणानं हे रान वाचवलं. पूर्वी रानच आडवं येत होतं, आता पाणीही येतं. संध्याकाळी शेवटची लाँच निघाली की पलीकडे वनरक्षकांखेरीज माणूस उरत नाही. मुक्काम करायला मनाई आहे. पावसाळ्यात तर काही महिने वाट पूर्ण बंद असते.

उतरताना वाटेच्या कडेला झाडीत दगडी जोती दिसतात. आंब्याचं जुनं झाड, त्याखाली फुटकं जातं. हे रान अस्पर्श नाही, श्रोतेहो. इथं चुली पेटत होत्या, वरीनाचणी पिकत होती. ती माणसं उठली, म्हणून आज आपल्याला ही शांतता मिळते. तिथं आरडाओरडा करणाऱ्या, गाणी लावणाऱ्या मंडळींचा मला राग येतो तो एवढ्यासाठी.

परतीच्या लाँचमध्ये मी मामांना विचारलं, पलीकडे रस्ता व्हावा असं वाटतं का? ते लगेच बोलले नाहीत. मग कांदाटी खोऱ्याकडे हात करून म्हणाले, "तिकडं गावं हायत. रात्रीचं बाई अडली तर लाँच न्यावी लागतीया. तिथं पूल पायजेच." आणि वासोट्याकडं? "तिकडं कुणाचं काय अडलंय? तिकडं नको."

माझंही मत तेच आहे. ज्या गावात माणूस राहतो तिथवर पूल जावा, दवाखाना जावा, आजच जावा. पर्यटकाला चढ चुकवायला मिळावा म्हणून रानातून डांबर न्यायचं, हे मात्र कुणी सुचवू नये.

जाणार असाल तर ऑक्टोबरनंतर जा. सकाळी लवकर धक्क्यावर पोहोचा, कारण उशीर झाला तर चौकीवरून परत फिरवतात आणि ते योग्यच आहे. डबा घरून न्या. पलीकडे चहाची टपरीसुद्धा नाही. आदल्या रात्री कापडी पिशवीत भाकरी, चटणी, गुळाचा खडा बांधून ठेवा. चौकीवर मोजायला फार काही लागणार नाही.

आम्ही बामणोलीला टेकलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. मामांनी इंजिन बंद केलं, दोर खांबाला बांधला आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या फेरीसाठी लाँच धुवायला घेतली.

नमस्कार.