बाईंच्या बाजूने कोण उभं राहणार?

(दृश्य : जिल्हा ग्राहक आयोगाबाहेरचा व्हरांडा. बाकांवर फायली घेऊन बसलेली माणसं. काळ्या कोटांची ये-जा.)

या व्हरांड्यात कोण कुठल्या बाजूचं, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. नायलॉनच्या पिशवीत पावत्या, दोरीच्या फायलीत झेरॉक्स आणि दर पाच मिनिटांनी शिपायाला "आमचा नंबर कितवा?" असं विचारणारे, ते तक्रारदार. मोबाइलवर दुसऱ्या कोर्टातली तारीख सांभाळत निवांत उभे असलेले, ते सामनेवाल्यांचे वकील.

कायद्यापुढे दोघेही सारखे. पण सामनेवाल्याच्या वकिलाचं बिल कंपनीच्या वार्षिक खर्चात आधीच धरलेलं असतं. डॉक्टरांचंही तसंच. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं. आज कित्येक डॉक्टर 'प्रोफेशनल इन्डेम्निटी'ची पॉलिसी बाळगून असतात. पेशंटने तक्रार केली, तर डॉक्टरांच्या वकिलाची फी विमा कंपनी भरते. आणि पेशंटच्या वकिलाची? ती पेशंटच्या खिशातून जाते.

म्हणजे कोर्टकचेरीचा विमा आपल्याकडे आहेच. तो फक्त एकाच बाजूकडे आहे.

(दृश्य : साताऱ्यातलं एक घर. टेबलावर हॉस्पिटलची फाइल आणि विमा कंपनीचं पत्र.)

एक कुटुंब कल्पूया. माणसं कल्पित, पण त्यांच्यासमोरचे कायदे खरे. साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका. गावात सगळे त्यांना बाई म्हणतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बिल आलं दोन लाख चाळीस हजार. आरोग्य विम्याचा हप्ता सात वर्षं न चुकता भरलेला. तरी पत्र आलं : पॉलिसी घेताना आपण रक्तदाबाची माहिती दडवली, सबब दावा नामंजूर.

रक्तदाबाचा गुडघ्याशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. बाईंनाही पडला. मुलगा जर्मनीत, स्टुटगार्टला. रात्री त्याचा फोन.

"आई, तू सरळ वकील कर."

"वकील काय फुकट येतो का रे? आणि तारखांना जाणार कोण? तुझ्या बाबांना जिना चढवत नाही."

"इथे माझ्याकडे त्याचा विमा आहे."

"कशाचा?"

"वकिलाचा."

(दृश्य : जर्मन शहर, ट्राम, नावांच्या पाट्या लावलेल्या पत्रपेट्या.)

जर्मनीत या विम्याला 'रेश्ट्सशुट्स' म्हणतात. नोकरी, घरभाडं, खरेदी, रस्त्यावरचा अपघात, यांतून भांडण उभं राहिलं तर वकिलाची आणि कोर्टाची फी विमा कंपनी देते. कल्पना मूळची फ्रान्समधली. १९१७ मध्ये ल मान्स या गावी मोटारवाल्यांसाठी अशी पहिली कंपनी निघाली. तिचे संस्थापक जॉर्ज द्युराँ. ल मान्सची चोवीस तासांची मोटारशर्यत सुरू करणाऱ्यांतही ते होते. मोटार आली, अपघात आले, अपघातांमागून वकील आले, आणि वकिलांमागून त्यांचा विमा आला.

जर्मनीत तो रुजला, याचं कारण तिथल्या कायद्यात आहे. दिवाणी कोर्टात जो हरतो, त्याला स्वतःच्या वकिलाबरोबर समोरच्या वकिलाचीही कायद्यात ठरलेली फी द्यावी लागते. हरण्याची भीती मोठी, म्हणून विम्याला गिऱ्हाईक. दुसरं असं, की वकिलाच्या फीचं कोष्टक कायद्यानेच छापून दिलेलं आहे : दावा एवढ्या युरोंचा, तर फी एवढी. खर्चाचा अंदाज बांधता येतो, म्हणून विमा कंपनीला हप्ता ठरवता येतो.

कामगार कोर्टात मात्र गंमत आहे. पहिल्या पायरीवर जिंकलात तरी आपल्या वकिलाचे पैसे आपणच द्यायचे. नोकरीवरून काढल्याचं पत्र हातात पडलं की दावा लावायला मुदत तीन आठवडे. परक्या भाषेत, परक्या देशात, तीन आठवड्यांत वकील शोधायचा. बाईंच्या मुलासारखी तिकडे गेलेली मराठी पोरं पहिल्या वर्षात ही पॉलिसी का घेतात, ते यावरून कळावं. भाडेकरूंच्या संघटनेचं सभासदत्व हा आणखी एक स्वस्त मार्ग आहे. अनामत परत मिळेना, हीटिंगचं बिल फुगलं, की तिथला वकील कागद तपासून देतो, आणि अनेक ठिकाणी वर्गणीतच भाड्याच्या खटल्यांचा विमाही असतो.

अर्थात तिथेही तहान लागल्यावर विहीर खोदता येत नाही. बऱ्याच प्रकारांत पहिले तीन महिने विमा लागूच होत नाही, आणि आधीच पेटलेल्या भांडणाला संरक्षण नाही. प्रत्येक प्रकरणात दीडशे-दोनशे युरो स्वतःचे घालावे लागतात. घटस्फोटासारख्या घरगुती प्रकरणात बहुतेक पॉलिसींतून वकिलाचा पहिला सल्ला मिळतो, पुढचा खर्च आपला.

(दृश्य : पुन्हा साताऱ्याचं घर. बाई चष्मा पुसत पत्र परत वाचतात.)

मग हे आपल्याकडे का नाही? सुटे तुकडे आहेत. गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात अपघाताचा दावा आला की विमा कंपनीचाच वकील उभा राहतो. व्यक्तींसाठीच्या सायबर विम्याच्या पॉलिसींत कायदेशीर खर्चाचं कलम सापडतं. पण सर्वसामान्य ग्राहकाने वर्षाचा हप्ता भरावा आणि कुठल्याही भांडणात वकील मिळावा, अशी पॉलिसी घरोघरी पोचलेली नाही.

पोचणार तरी कशी? आपल्याकडे वकिलाची फी ठरते ती टेबलाच्या दोन बाजूंना बसून. खटला किती वर्षं चालेल, हे वकील सांगू शकत नाही आणि ज्योतिषीही. 'जिंकलो तर हिस्सा' या बोलीवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत वकिलांना बंदी आहे. आणि हरणाऱ्याचं फारसं बिघडत नाही : खोटा, त्रास देण्यासाठी लावलेला दावा सिद्ध झाला, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली भरपाईची मर्यादा तीन हजार रुपये. अशा बाजारात विमा कंपनी हप्ता काढणार कशावरून?

आपण दुसरी वाट धरली. वकिलाचा विमा काढण्यापेक्षा, वकील लागणारच नाही अशी जागा उभी करायची. त्या वाटेवर महाराष्ट्राची पावलं लवकर पडली. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि घरोघरच्या बायकांनी एकत्र वाणसामान खरेदी करता करता वजनमापं, भेसळ, छापील किंमत यांचा हिशेब मागायला सुरुवात केली. ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर, २४ डिसेंबर १९८६ रोजी. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे, २०२० च्या जुलैपासून.

या कायद्याची रचना पाहिली तर ती बाईंसारख्यांसाठीच केलेली दिसते. तक्रार स्वतः लिहायची, स्वतः बोलायचं, वकील ऐच्छिक. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याची फी शून्य. मोजलेली किंमत म्हणजे आपण जे दिलं ते, आपण जे मागतो ते नव्हे. विम्याच्या बाबतीत हप्ता. कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो की गुरुग्रामला, बाई जिथे राहतात त्या साताऱ्यातच तक्रार चालते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, आणि माझ्या मते नव्या कायद्यातली सगळ्यात मोलाची दुरुस्ती हीच. ऑनलाइन दाखल करण्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. सुनावणी व्हिडिओवर मागता येते, म्हणजे जिन्याचा प्रश्नही सुटला.

सामनेवाल्याने उत्तर द्यायचं तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठणकावलं.

आता दुसरी बाजू. निकाल तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. या व्हरांड्यातल्या कुणालाही विचारा, तो हसेल. अध्यक्ष आणि सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात. सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. आणि वकील ऐच्छिक असला तरी समोर वकील उभा राहिला, त्याने मुदतीचा, अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला, की चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंचीही जीभ अडखळते. जाता जाता : वकिलाच्याच सेवेत त्रुटी राहिली, तर त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तसं सांगितलं आहे. डॉक्टर कायद्याच्या आत, वकील बाहेर.

(दृश्य : बाई कागदावर तारखा लिहितात. पॉलिसी सुरू झाल्याची, ऑपरेशनची, नकाराच्या पत्राची.)

तर बाईंनी काय करावं?

त्यांच्या हातात एक हुकमी पत्ता आहे, आणि पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला तो ठाऊक असणार. आरोग्य विमा सलग साठ महिने चालू असेल, तर त्यानंतर माहिती दडवली या कारणाने दावा नाकारता येत नाही. अपवाद फसवणुकीचा, आणि फसवणूक सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये पाच झाली. बाईंची पॉलिसी सात वर्षांची.

पहिलं पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्यात रागलोभ नको. तारखा, पॉलिसी नंबर आणि साठ महिन्यांचा नियम एवढं पुरे. ईमेल केला तर त्याची प्रत ठेवायची, टपालाने पाठवलं तर पोचपावती. महिना थांबायचं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. साताऱ्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे कुणाच्याच वतीने वकील उभा राहत नाही. कंपनीचा अधिकारी येतो, बाई येतात, लोकपाल कागद बघतात. दोन्ही बाजूंची उंची एकसारखी असलेली अशी जागा आपल्या व्यवस्थेत विरळाच, आणि तिच्याबद्दल लोकांना फारसं ठाऊक नाही याचं मला नवल वाटतं. निवाडा बाईंच्या बाजूने लागला तर कंपनीला तो तीस दिवसांत पाळावा लागतो. बाईंना पटला नाही, तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. उलटं मात्र चालत नाही : आयोगात तक्रार चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत. म्हणून आधी कुठे जायचं, याला महत्त्व आहे.

मुदती दोन, आणि त्या वेगळ्या. लोकपालाकडे कंपनीच्या नकारापासून एक वर्ष. आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

(दृश्य : जिल्हा न्यायालयाचं आवार. 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरण' अशी पाटी.)

आणि समजा, प्रकरण आयोगात गेलंच, आणि बाईंना वकील हवाच असला, तर?

ही पाटी राज्यातल्या प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. तिच्यासमोरून आपण जन्माच्या दाखल्यासाठी, प्रतिज्ञापत्रासाठी, स्टॅम्पसाठी जातो. आत जात नाही, कारण 'मोफत वकील' म्हणजे अगदी गरिबांसाठीच काहीतरी, असा समज. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचलं तर वेगळंच दिसतं. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतले, आपत्तीत सापडलेले, मुलं आणि स्त्रिया : यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. सगळ्या स्त्रिया. पेन्शन किती, घर स्वतःचं की भाड्याचं, मुलगा परदेशात आहे का, हे प्रश्न येत नाहीत. प्रकरणात प्रथमदर्शनी दम असला म्हणजे झालं. यांत न बसणाऱ्या पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. आणि या कायद्यात 'न्यायालय' म्हणजे फक्त दिवाणी-फौजदारी कोर्ट नव्हे. ग्राहक आयोगासारख्या जागाही त्यात येतात.

साध्या कागदावर अर्ज चालतो. आधी फोन करायचा तर १५१०० हा नंबर. नेमलेल्या वकिलाची फी प्राधिकरण देतं. ती फी तुटपुंजी असते, आणि म्हणून वकील मन लावून काम करेलच असं नाही, ही तक्रार खरी आहे. काही तरुण वकील मात्र जीव ओतून लढतात. वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागण्याचा अर्जही तिथेच करता येतो, आणि तो करायला लाजू नये.

(दृश्य : रात्र. व्हिडिओ कॉल.)

"मग किती हप्ता भरावा लागेल तुला?" मुलगा विचारतो.

"काही नाही. आधार कार्ड आणि अर्ज."

"नक्की?"

"अरे, मी बाई आहे म्हणून मिळतंय. तुझ्या बाबांना मिळालं नसतं, त्यांची पेन्शन जास्त आहे."

मागून बाबांचा आवाज येतो, की मग पॉलिसी तुझ्याच नावावर होती ते बरंच झालं. बाई त्यांना गप्प करतात आणि मुलाला सांगतात, की तुझ्या कपाटात सात वर्षांपूर्वीची प्रपोजल फॉर्मची झेरॉक्स असेल, तिचा फोटो पाठव. तो म्हणतो, कपाट तर तुमच्याकडेच आहे, वरच्या खणात बघ, निळी फाइल.