मिरगातला तेजोमेघ कॅमेऱ्यात कसा येतो

मंडळी, मिरग म्हटलं की आपल्याला पेरणी आठवते. ७-८ जूनला मिरग लागतो, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात येतो. म्हणूनच पेरणीच्या दिवसांत ते नक्षत्र आपल्याला दिसत नाही. बघायचं तर डिसेंबर-जानेवारीत, हरभऱ्याला रात्री पाणी देताना. जानेवारी २०२४ मध्ये आपलं पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, लोक तिथं अंधार शोधत जातात. आपल्याला धुऱ्यावरचा बल्ब तेवढा बंद करायचा आहे.

मृगाचे चार पाय आणि पोटात रुतलेला व्याधाचा तीन ताऱ्यांचा बाण तुम्ही सगळे ओळखता. बाणाच्या दक्षिणेला तीन अंधुक ठिपके आहेत. त्यातला मधला नुसता तारा नाही, तो तेजोमेघ आहे. तिथं वायूतून नवे तारे जन्मतात, आणि तिथला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १३०० वर्षं लागतात. १८८० मध्ये हेन्री ड्रेपर या अमेरिकन खगोल अभ्यासकानं त्याचा पहिला फोटो काढला, तेव्हा फोटोची काच (त्या काळची फिल्म) सुमारे ५० मिनिटं उघडी ठेवावी लागली होती.

आपल्याला इतका वेळ मिळत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे साध्या स्टँडवर तारे लांबट होतात. साधा डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स असेल तर एका फोटोला ४ सेकंदांवर जाऊ नका. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनक्षमता, १६०० ठेवा. हात लागून कॅमेरा हलू नये म्हणून टायमर लावा.

खरी मेहनत फोकसची. माझ्या पहिल्या रात्रीचे दीडशे फोटो वाया गेले, कारण लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर मी विसंबलो. आता मी आधी व्याधाच्या ठळक ताऱ्याकडे कॅमेरा वळवतो आणि स्क्रीनवर तो दहापट मोठा करून रिंग हळूहळू फिरवतो. बोराएवढा दिसणारा व्याध ज्वारीच्या दाण्याएवढा होतो, मग खसखशीएवढा. थोडं पुढं गेलं की परत फुगतो, तेव्हा मागं यायचं. खसखस झाली की रिंगला चिकटपट्टी लावायची. अधूनमधून काचेवर दव पाहायचं.

मग ३०० फोटो. म्हणजे २० मिनिटांचा प्रकाश. एकेक फोटो उघडलात तर मन खट्टू होईल: सगळीकडे रवा सांडल्यासारखा, मध्ये फिकट डाग. पण हा रवा दर फोटोत वेगळ्या जागी पडतो आणि तेजोमेघाचा प्रकाश त्याच ताऱ्यांमध्ये, त्याच जागी. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही फुकट सॉफ्टवेअर तारे जुळवून फोटोंची सरासरी काढतात. १०० फोटोंनी रवा दहापट कमी होतो, ४०० नी वीसपट. लेन्सला झाकण लावून तितक्याच सेकंदांचे वीसएक काळे फोटोही काढा, सेन्सरचे स्वतःचे डाग त्यांनी वजा होतात. पहिल्यांदा माझ्या स्क्रीनवर त्या डागाला पंख फुटले, तेव्हा मी घरच्यांना झोपेतून उठवलं होतं.

रंग गुलाबी येईल. तिथल्या हायड्रोजनचा गडद लाल प्रकाश साध्या कॅमेऱ्यातली गाळणी बराचसा अडवते. सुरुवातीला तेवढं पुरे, त्यासाठी नवा कॅमेरा घेऊ नका.

आज अमावास्या आहे. मागच्या वावरात तुरीच्या अर्ध्या पोत्यावर कॅमेरा टेकवून ठेवलाय. मोबाईलचा टॉर्च न लावता या, डोळे अंधाराला सरावायला वीसएक मिनिटं लागतात. व्याध बाभळीच्या वर आला की फोकस पोरांनी करायचा.